मान खाली घाला, म्हणे

बॉल लिंबाएवढा. जमिनीवर गप पडलेला. तो अंगावर येत नाही, पळत नाही, चावत नाही. त्याला काठीनं मारायचं आणि लांबच्या भोकात घालायचं, एवढाच काय तो गोल्फ. आणि एवढ्यासाठी शिकलीसवरलेली माणसं पुस्तकं वाचतात, स्वतःची फिल्म काढून बघतात, आणि हातमोजा घालतात तोही एकाच हातात. पहिल्या दिवशी मला वाटलं, साहेबाचा दुसरा मोजा कुठं पडला असेल. मी अर्धा तास गवतात शोधत होतो. सगळे हसले. तेव्हाच मी ठरवलं, की हा खेळ मूर्खांचा आहे आणि तो मी शिकणार.

मी तिथं माळी होतो. माळी म्हणजे नंतरचा. खरा मी गँगमन. दौंडला रेल्वेत उमेदीची आख्खी वर्षं रुळावर घातली. रिटायर झाल्यावर कारेगावला आलो, कारण बायकोच्या वाट्याला तिच्या बापाची एकरभर जमीन आली होती आणि कधी एकदा मातीत हात घालते असं तिला झालं होतं. ती कांद्यात रमली. मला कांद्याशी काय बोलावं कळेना. शेजारी रांजणगावच्या बाजूला नवे कारखाने उभे राहिले होते. त्यातल्या एका कंपनीत परदेशी साहेब होते. त्यांना करमावं म्हणून कंपनीनं मागच्या माळावर गवत लावलं, सहा भोकं पाडली, सहा झेंडे रोवले. मधून ओढा जातो. गावात टँकर येत होता त्या साली आम्ही त्या गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजत होतो. गवत वाढवायचं, कापायचं, आणि खायला जनावर नाही. एवढं बिनकामाचं काम मी जन्मात केलं नव्हतं. पगार मात्र वेळेवर.

आम्ही माळी सातजण. वयानं मी मोठा, म्हणून आबा. कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. साहेब लोक सकाळी खेळायचे आणि ऊन चढलं की गाड्यांत बसून पळायचे. तिथं एक म्हातारा परदेशी इंजिनियर होता, माझ्याच वयाचा असेल. त्यानं एकदा आम्हाला बांधावर बसून बघताना पाहिलं आणि आपल्या जुन्या काठ्या आणून समोर टाकल्या. "प्ले, प्ले," म्हणाला. तेव्हापासून गुरुवारची दुपार आमची झाली. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सलाम नाही. कंपनीच्या गवतावर कंपनीची माणसं, पण मालकासारखी. हे सुख ज्यानं भोगलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

बाकी सहाजण महिन्याभरात मारायला लागले. केंदूरचा एक गडी होता, जन्मात विटी-दांडूशिवाय काही खेळला नव्हता. त्याचा बॉल ओढा ओलांडून झेंड्यापाशी जाऊन बसायचा. तो मारायचा आणि वर माझ्याकडं बघून म्हणायचा, "आबा, सोप्पं हाय वो."

माझा बॉल जायचा नाही. एक तर काठी अलीकडंच जमिनीत घुसायची आणि गवताचं ढेकूळ बॉलच्या पुढं जाऊन पडायचं. नाही तर काठी बॉलच्या टाळूवर बसायची आणि तो उंदरासारखा सरपटत दहा पावलांवर जाऊन थांबायचा. ताकद कमी नव्हती. त्या सहा जणांना एकदम उचलून ओढ्यात टाकीन एवढी ताकद होती. पण बॉलला ताकदीची कदर नाही. दोन वर्षं मी दर गुरुवारी माती उपटली. राग यायचा तो असा, की घरी येऊन जेवताना भाकरी मोडली तरी ती फार जोरात मोडली जायची. सोडून का दिलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी आयुष्यात काही धरलेलंच नसतं.

म्हातारा इंजिनियर माझ्याजवळ उभा राहायचा. आपल्या टोपीवर हात दाबायचा आणि म्हणायचा, "हेड डाऊन. हेड डाऊन." मला वाटायचं, त्याचं डोकं दुखतंय. एकदा मी त्याला बामची डबी दिली. त्यानं ती घेतली, कपाळाला लावली, थँक्यू म्हणाला आणि परत टोपी दाबून म्हणाला, "हेड डाऊन." भला माणूस. मग तो आपल्या देशाला गेला, आणि मैदान आलं एका पुण्याच्या ऑफिसरकडं.

हा पस्तिशीचा. अंगावर पांढरे कपडे, कमरेला मोबाइल, आणि आम्हाला सगळ्यांना 'काका' म्हणायचं. पुण्याची माणसं काका म्हणतात तेव्हा समजावं, आपल्याला काहीतरी नाकारलं जाणार आहे. पहिल्याच गुरुवारी तो दुपारचा थांबला. माझा खेळ बघितला. मी पाडलेला खड्डा बघितला. मग जवळ आला आणि हसून म्हणाला, "काका, मान खाली घाला."

मी म्हटलं, "काय?"

"मान. मान खाली घाला. सगळा प्रॉब्लेम तिथंच आहे तुमचा."

माझ्या हातात लोखंडी काठी होती हे त्याचं नशीब, आणि मी ती खाली ठेवली हेही त्याचंच. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. माझा बाप गावात पाटलाच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचा. घालायचा म्हणजे घालावी लागायची, तेव्हा तशीच रीत होती आमच्या वस्तीला. पुढं आमची वस्ती बौद्ध झाली, विहार बांधला, आणि बापानं मला रेल्वेत चिकटवताना एकच गोष्ट सांगितली, की पोरा, रुळाचं काम कर, संडासाचं कर, पण मान खाली घालून करू नको. मी चौथीतून शाळा सोडली, पण हा धडा पाठ केला. दौंडात साहेबापुढं उभा राहिलो तरी ताठ. आणि हा कालचा पोरगा मला सांगणार, मान खाली घाला!

"न्हाई घालत," मी म्हटलं.

"अहो काका, मग बॉल जाणार नाही."

"न जाऊ दे."

तो हसला नाही आता. खड्ड्याकडं बोट केलं. "हे टर्फ किती महाग असतं कल्पना आहे? हे सगळे खड्डे तुमचे एकट्याचे आहेत. बाकीचे नीट खेळतात. तुम्ही खेळणं बंद करा, बाकीच्यांना माझी काही हरकत नाही."

केंदूरचा लगेच माझ्या कानाशी आला. "आबा, तुमी बसा ना बांधावर. आमी खेळतो, तुमी बघा. सगळ्यांचं चालू ऱ्हाईल."

म्हणजे गुरुवार सहा जणांचा, आणि मी बांधावर. मी ऑफिसरला म्हटलं, "माझी परीक्षा घ्या. पुढच्या गुरुवारी. नापास झालो तर मैदान बंद."

"तुमचं?"

"सगळ्यांचं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं आणि निघालेलं मी परत घेत नाही.

त्याला ते आवडलं. दहा बॉल. त्यातले पाच ओढ्यापलीकडं गेले पाहिजेत, आणि गवत उपटता कामा नये. सहाजण माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी त्यांच्या घरादाराला काडी लावली. एकजण म्हणाला, "आबा, दोन वर्सात तुमचे पाच गेल्यात का पलीकडं? सगळे मिळून?"

गेले नव्हते.

त्या आठवड्यात मी जे जे केलं ते लिहायला लाज वाटत नाही. ऑफिसरनं एक चकचकीत कागद दिला होता, त्यावर एका माणसाची बारा चित्रं आणि अंगावर बाण. मी तो कांद्याच्या वाफ्यापाशी दगडाखाली ठेवला आणि एकेक बाण अंगात घालायला लागलो. गुडघा असा, कोपर तसं, खांदा भलतीकडं. चौथ्या बाणाला कंबर धरली. मग मी पंचा घेतला, एक टोक पट्ट्याला बांधलं आणि दुसरं दातांत धरलं, म्हणजे मान आपोआप वर जाणार नाही. मान मी घालत नव्हतो, पंचा धरून ठेवत होता, यात फरक आहे. जोरात मारला. बॉल तिथंच. दात मात्र हलला, तो अजून हलतो.

बायको वाफ्यात खुरपत होती. ती चार दिवस काही बोलली नव्हती, म्हणजे पाचव्या दिवशी बोलणार हे मला माहीत होतं.

"कोनची गाडी येतीया?" ती म्हणाली.

"कसली गाडी?"

"मारता मारताच वर बघताय. दर बारीला. म्हनून इचारलं, कोनची गाडी येतीया तुमच्या अंगावर? दौंड सोडून चार वर्सं झाली. हितं कांद्यातनं रूळ गेलेला मला तर दिसंना."

मी काठी टेकून उभा राहिलो. हिला काय सांगावं. आम्ही रुळावर बीटर मारायचो. बीटर म्हणजे जड लोखंडी अवजार, टिकावासारखं, त्यानं स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची. आठजण एका ओळीत, एका हाळीवर. घाव घातला की मान वर, लाइनीच्या दोन्ही अंगाला बघायचं, परत घाव. लांबवर झेंडीवाला उभा असायचा शिट्टी घेऊन, पण झेंडीवाल्याच्या भरवशावर राहिलेला एक माणूस मी फावड्यानं गोळा केलेला आहे. तेव्हापासून मी कुणाच्या शिट्टीवर विश्वास ठेवला नाही. घाव संपायच्या आधीच माझी मान वर. बीटरला त्यानं काही फरक पडत नाही, खडी मोठी असते. लिंबाएवढ्या बॉलला पडतो.

हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. खुरपणाऱ्या बाईला चार दिवसांत कळलं. मी अर्थातच तिला तसं बोललो नाही.

"मी मान खाली घालनार न्हाई," मी म्हटलं. "त्यो म्हनतोय म्हनून तर न्हाईच न्हाई."

"आन् मी काय करतीया सकाळपासनं?" ती बसल्या जागेवरून म्हणाली, वर न बघता. "कुणापुढं घातली मान? कांद्यापुढं? खुरपताना वर बघितलं तर कांदा कापला जातो, म्हनून बघत न्हाई. ती मान घालनं न्हवं, ती नजर हाय. तुमाला दोन्हीतला फरक कळंना तर ती काठी मला द्या आन् तुमी हितं खुरपायला बसा."

काठी मी दिली नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी बॉलवर खडूनं एक ठिपका काढला आणि मारल्यावर बॉल गेल्याची जागा बघत राहिलो. रिकामी जागा. फार अवघड असतं ते. मानेच्या मागं कुणीतरी ओढतंय असं होतं. पाठीवर काटा येतो, आत्ता इंजिनाची धडधड ऐकू येईल असं वाटतं. पंचवीस-तीस बॉल मारले. त्यातले सहा हवेत गेले. किती लांब गेले ते मला दिसलं नाही, कारण मी खाली बघत होतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी काय तुमचे बॉल बघाया बसलीया का?"

आणि इथंच या खेळाचा खरा हलकटपणा आहे. नीट मारायचा असेल तर बॉल कुठं गेला ते आपण बघायचं नाही. ते दुसऱ्यानं सांगायचं. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही त्यानं असला खेळ खेळावा!

गुरुवारी ऑफिसर खुर्ची टाकून बसला होता. सहाजण त्याच्या मागं उभे, जसे माझ्या मयतीला आलेले. पहिला बॉल मी वर बघून मारला. गवत उपटलं नाही, पण बॉल ओढ्यात. दुसरा तसाच. केंदूरचा मोठ्यानं सुस्कारा टाकत म्हणाला, "संपला गुरुवार." तो सुस्कारा मला चांगलाच झोंबला. तिसऱ्याला मी खडूचा ठिपका डोळ्यांनी खिळ्यासारखा ठोकला आणि मारला, आणि बघत राहिलो रिकाम्या जागेकडं.

मागं खुर्ची करकरली. मग ऑफिसरचा आवाज. "पलीकडं."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. हसत नव्हता. म्हटलं, धरू खरं.

चौथा पलीकडं. पाचवा बाभळीत गेला म्हणे. सहावा पलीकडं. सातव्याला माझी मान परत वर गेली, सवय मेली नव्हती, आणि बॉल सरपटत ओढ्याच्या काठावर. आठवा ओढ्यात. नववा पलीकडं, आणि तो फार लांब, कारण केंदूरचा "आयला!" असं ओरडला, आणि तो माझ्यासाठी कधी ओरडत नाही. चार झाले. एक राहिला.

दहावा मारला. काठीला चांगला लागला असं हाताला वाटलं. मी खाली बघत उभा. रुळावर काम केलेल्या माणसाचे कान असतात, चष्मा लागला तरी कान शाबूत. मी ऐकलं. चप्. ओल्या गाळात दगड पडतो तसा.

"गेला!" ऑफिसर टाळी वाजवून उठला. "चला, पाच झाले."

मागं सहाजणांनी आरडाओरडा केला. एकानं मला मिठी मारली.

"न्हाई गेला," मी म्हटलं. "गाळात पडला. मी ऐकला."

"अहो काका, राहू द्या. वयाच्या मानानं फार छान खेळलात. पाचच धरू."

पाचच धरू. कुणी कुणासाठी धरायचं? मी काय लंगडा होतो, का त्याच्या दारात काही मागायला गेलो होतो? केंदूरच्यानं माझा दंड दाबला, कुजबुजला, "आबा, गप ऱ्हावा. तुमाला हात जोडतो, गप ऱ्हावा."

"चार," मी म्हटलं. "चला, दावतो." आणि ओढ्यात उतरलो, गुडघाभर गाळात, आणि बॉल काढून आणला. खडूचा ठिपका अजून होता त्याच्यावर. ऑफिसरच्या खुर्चीवर ठेवला. पांढरी गादी काळी झाली.

त्यानं ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ठीक आहे. चार तर चार. मैदान बंद."

ते सहाजण माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. चहा करायचे सातजणांचा, प्यायचे सहाजण, आणि सातवा कप माझ्यासमोर गवतात ओतायचे. केंदूरचा फक्त एकदा बोलला. म्हणाला, "आबा, तुमचा ताठा तुमच्या घरी ठिवायचा व्हता. आमचा गुरुवार कशाला घेतला त्याच्यात?" खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून मी माफी मागत नाही. मी त्यांच्या वाटणीचंही पाणी घालायला लागलो, सगळ्या सहा झेंड्यांना, आणि काय समजायचं ते त्यांनी समजावं.

पंधरा दिवसांनी सकाळी ऑफिसर एकटा आला. मी पाइप धरून उभा होतो. त्यानं बॉल ठेवला, मारला. बॉल चांगला उडाला आणि मग केळ्यासारखा वळून उजवीकडं बाभळीत. त्याचं रोज तसंच व्हायचं. आम्ही बाभळीतून काढून काढून हात फाडून घेतले होते. त्यानं दुसरा मारला. बाभळीत. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "कसा होता?"

मी पाणी घालत राहिलो.

"काका, मी जे मारतो ना, त्याला सगळे 'गुड शॉट सर' म्हणतात. रविवारी पाहुण्यांपुढंही म्हणाले. पाहुणे हसत होते." त्यानं हातातला मोजा ओढून नीट केला. "मला खरं सांगणारा माणूस पाहिजे. तुम्ही स्वतःचासुद्धा खोटा धरला नाहीत."

"गुरुवार," मी म्हटलं.

"ते वेगळं आहे."

"मग हेबी वेगळं हाय. बाभळीत शोधा."

तो चिडला. आणखी दोन मारले. दोन्ही बाभळीत. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी तो काठी आपटून म्हणाला, "बरं. गुरुवार चालू. सगळ्यांना. आता बघा."

"आन् दर गुरुवारी आमी कुनाला इचारायचं न्हाई."

"नाही विचारायचं."

मी पाइप बंद केला आणि जवळ जाऊन उभा राहिलो. बघितलं. त्याचं दुखणं माझ्याहून वाईट होतं. मी निदान गाडी येतेय का बघत होतो. हा मारता मारता वर बघत होता, आपल्याकडं कोण बघतंय ते बघायला. रिकाम्या माळावरसुद्धा.

तसं मी त्याला सांगितलं. पुण्याच्या माणसाचं तोंड एवढं लाल झालेलं मी आधी बघितलं नव्हतं. पण तो गेला नाही, हे त्याचं मी मानतो. परत बॉल ठेवला. मारला. विचारलं, "आता?"

"वाईट."

"आता?"

"वाईट."

"हा?"

"हा त्याच्याहून."

अकरा झाले. सहाजण तोवर कामावर आले होते आणि पाण्याच्या टाकीआड उभे राहून हसू दाबायला तोंडात पंचे कोंबत होते. बारावा सरळ गेला. ओढ्यावरून, झेंड्याच्या रोखानं, बाभळीकडं न वळता. तो मान खाली ठेवून उभा होता, त्याला दिसला नव्हता. विचारलं नाही त्यानं, नुसता वाट बघत राहिला.

मी पाइपाची गुंडाळी केली. सावकाश केली. तोटी नीट बंद आहे का ते बघितलं.

"बरा होता," मी म्हटलं.